देवराष्ट्र्याचे संरक्षणमंत्री, बंगळुरूचं मारुत आणि न आलेलं इंजिन

नेहमीप्रमाणे हा भाग ज्यांना वाचायला आवडतो त्यांच्यासाठी हे लिखित रूप. आणि जे गाडी चालवताना एका कानात हेडफोन घालून ऐकतात, त्यांनी आज जरा गाडी बाजूला घ्या. विमानाच्या पंखांबद्दल बोलायचंय, लक्ष रस्त्यावर राहणार नाही.

सुरुवात करू 1 सप्टेंबर 1965 च्या संध्याकाळपासून. जम्मूजवळच्या छांब भागात पाकिस्तानचे रणगाडे सकाळपासून पुढे सरकतायत. दिल्लीत लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदल प्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांसमोर आहेत. मागणी एकच, विमानं पाठवू द्या. तोपर्यंत लढाई जमिनीवरच चाललेली. विमानं एकदा आत घातली की चकमकीचं युद्ध होणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. मंत्र्यांनी फार वेळ घेतला नाही, परवानगी दिली. थोड्याच वेळात पठाणकोटहून विमानं उडाली. सूर्य मावळायला आला होता.

ते मंत्री म्हणजे यशवंतराव चव्हाण. आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाठवलेली विमानं होती व्हॅम्पायर. त्यातली चार परत आली नाहीत. पाकिस्तानची सेबर विमानं त्यांच्यावर तुटून पडली होती. त्यानंतर व्हॅम्पायर पुढच्या फळीतून मागेच घेतली गेली.

आता एक आकडा ऐका. व्हॅम्पायरचं पहिलं उड्डाण 1943 सालचं. सेबरचं 1947 सालचं. मध्ये फक्त चार वर्षं! तुमच्या हातातला फोन चार वर्षं जुना असेल तर फार काही बिघडत नाही. पण जेट विमानांच्या बाबतीत ती चार वर्षं म्हणजे एक अख्खी पिढी होती. का होती? आणि 1965 साली आपली मुलं 1943 चं डिझाइन घेऊन का लढत होती? आजचा भाग या दोन प्रश्नांचा आहे.

आधी यशवंतरावांबद्दल थोडं, कारण कॉमेंटमध्ये सातारकर आणि सांगलीकर भांडणार हे मला माहीत आहे. जन्म 12 मार्च 1913, गाव देवराष्ट्रे. तेव्हा तो सातारा जिल्हाच होता. 1949 साली जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली पडलं. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे. पुढचं सगळं आयुष्य मात्र कराडशी बांधलेलं, म्हणजे साताऱ्याशी. तेव्हा दोघांचेही. मिटलं.

तर जेट विमान. देवराष्ट्र्यापासून जवळच किर्लोस्करवाडी आहे. तुमच्या विहिरीवर किंवा शेजारच्याच्या विहिरीवर तिथला पंप असण्याची शक्यता बरीच. त्या पंपाचं झाकण उघडून कधी आत बघितलंय? आत एक चकती असते, तिला वाकडी पाती. पाणी मधून आत येतं, चकती गरगर फिरते आणि पाणी कडेला जोरात फेकलं जातं. सेंट्रिफ्युगल पंप म्हणतात तो हाच.

इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल नावाच्या तरुण हवाईदल अधिकाऱ्याने 1930 साली जेट इंजिनाचं पेटंट मागितलं. त्याने पुढे जी इंजिनं बनवली त्यात हवा दाबायला जवळपास अशीच चकती होती, फक्त पाण्याऐवजी हवा. दाबलेली हवा भट्टीत जाते, तिथे रॉकेल जळतं आणि तापून फुगलेला वायू मागून सुसाट बाहेर पडतो. जाता जाता तो एक टर्बाइन फिरवतो, आणि त्याच दांड्यावर पुढची चकती फिरत राहते. झालं जेट इंजिन. व्हॅम्पायरचं गॉब्लिन इंजिन याच जातीचं.

या रचनेची एक अडचण होती. जास्त हवा हवी तर चकती मोठी हवी. चकती मोठी झाली की इंजिन जाड, आणि इंजिन जाड झालं की विमानाचं पोट जाड. शिवाय सुरुवातीच्या इंजिनांचा जोर बेताचाच. मागे लांबलचक नळी जोडली तर त्यातला काही नळीतच वाया जायचा. म्हणून व्हॅम्पायरच्या डिझायनरांनी नळीच आखूड ठेवली. विमानाचं अंग मधेच संपवलं आणि शेपटी दोन बाजूंच्या दोन दांड्यांवर टांगली. फोटो बघा, विचित्र दिसतं, पण त्याच्यामागे हा हिशोब आहे. आणि पुढचा भाग? प्लायवूड आणि बाल्साचं लाकूड! जेट विमान, आणि वैमानिक बसलाय लाकडी खोक्यात. 1943 साली हे हुशारीचं डिझाइन होतं, हे विसरू नका. 1948 साली भारतीय हवाईदलाकडे व्हॅम्पायर आली तेव्हाही ती चांगलीच मानली जात होती. पुढे ती बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्येच बनू लागली.

मग चार वर्षांत असं काय बदललं? पंख.

विमान आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलं की पंखावरून जाणारी हवा काही ठिकाणी आवाजापेक्षा वेगात पळायला लागते. तिथे धक्क्याच्या लाटा तयार होतात, विमान थरथरतं, ओढ एकदम वाढते. इंजिनाचा जोर वाढवूनही विमान पुढे जाईना अशी अवस्था. यावरचा उपाय सातारकरांना मी एका वाक्यात सांगू शकतो. कासला जाताना यवतेश्वरचा घाट चढता ना? डोंगर तोच. सरळ वर चढलात तर छातीवर येतो, पण तिरका रस्ता काढला की चढ सौम्य होतो. पंख मागे वळवले की हवेला तो पंख तिरका ओलांडावा लागतो. पंखाची जाडी तेवढीच, पण हवेला तिचा चढ सौम्य वाटतो. त्रास सुरू होण्याचा वेग पुढे ढकलला जातो.

ही कल्पना आडोल्फ बुझेमान या जर्मन शास्त्रज्ञाने 1935 साली रोमच्या परिषदेत मांडली होती. तेव्हा बाहेर कोणी फारसं मनावर घेतलं नाही. जर्मनांनी मात्र वायुबोगद्यात प्रयोग चालू ठेवले. एक गंमत सांगतो. जर्मनांचं मेसरश्मिट 262, युद्धात उतरलेलं पहिलं जेट लढाऊ विमान, त्याचे पंख थोडे मागे वळलेले आहेत. पण ते या कारणासाठी नाही! इंजिनं ठरल्यापेक्षा जड निघाली, तोल जायला लागला, म्हणून पंखांचा बाहेरचा भाग मागे घेतला. विमान इंजिनाच्या तालावर नाचतं, ते असं.

आणि त्या जर्मन इंजिनांची दशा काय होती? त्यांची रचना पुढच्या काळाची होती. पंपासारख्या एका चकतीऐवजी पंख्यांच्या रांगा, एकामागे एक, त्यामुळे इंजिन सडपातळ. पण आतली पाती लालभडक तापतात आणि त्याच वेळी मिनिटाला हजारो फेरे फिरतात. ती टिकायला निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू लागतो, आणि युद्धात जर्मनीकडे तोच नव्हता. इंजिन 25 तास चाललं तरी नशीब समजायचे.

युद्ध संपलं तेव्हा वाटणी साधारण अशी होती: पंखांचं ज्ञान जर्मनांकडे, टिकाऊ इंजिनाचं इंग्रजांकडे. अमेरिका आणि रशिया दोघांनीही जर्मनांचे कागद उचलून नेले. त्या कागदांतून सेबरचे 35 अंशांनी मागे वळलेले पंख आले. व्हॅम्पायरचे पंख मात्र जवळपास सरळच. छांबवरच्या त्या संध्याकाळी हा फरक आकाशात होता.

आता भारत. कुर्ट टांक हे नाव ऐकलंय का? दुसऱ्या महायुद्धातलं फोके-वुल्फ 190 हे त्याचं विमान. हा माणूस हिटलरच्या जर्मनीसाठी लढाऊ विमानं काढत होता, हे झाकायचं कारण नाही. युद्धानंतर तो अर्जेंटिनाला गेला, तिथे पुल्की 2 नावाचं जेट बनवलं, 1950 साली उडवलंही. 1955 मध्ये तिथलं पेरॉन सरकार पडलं आणि 1956 च्या ऑगस्टमध्ये टांकसाहेब बंगळुरूत दाखल झाले. बरोबर त्यांचे जर्मन सहकारी.

पण बंगळुरू काही रिकामं नव्हतं. तिथे होते डॉ. विष्णु माधव घाटगे. गडहिंग्लज तालुक्यातल्या हसूरचंपू गावचे, म्हणजे सांगलीहून फार लांबचे नव्हेत. गोटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे पितामहच, बुझेमानही त्यांच्याकडेच घडलेले. घाटगेंच्या चमूचं एचटी-2 हे शिकाऊ विमान 1951 मध्ये उडालं होतं. टांक आले तेव्हा आपल्याकडे काहीच नव्हतं आणि गोऱ्या साहेबाने सगळं शिकवलं, असं जे बोललं जातं ते मला पटत नाही. माणसं थोडी होती, हे खरं. मोठं जेट बनवायला लागणारी चाचणीयंत्रं, शेड, हेही नव्हतं. ते विमानाबरोबरच उभारावं लागलं.

हवाईदलाची मागणी ऐका: आवाजाच्या दुप्पट वेग, 60 हजार फूट उंची, उंचावर शत्रूची विमानं अडवायची आणि तेच विमान खाली येऊन रणगाड्यांवर मारा करणार. वर प्रशिक्षणाची आवृत्ती पाहिजे, नौदलाला चालेल अशी पाहिजे. लग्नाच्या यादीसारखी वाढतच गेलेली यादी! तोवर आवाजाचा वेगही गाठणारं विमान न बनवलेल्या देशाकडून.

टांकने आधी लाकडाचं, पूर्ण आकाराचं ग्लायडर बनवून घेतलं. इंजिन नाही. डकोटा विमानाने ते ओढून वर न्यायचं, सोडायचं आणि ते कसं वागतं बघायचं. 1959 पासून अशी 78 उड्डाणं झाली. मला या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो हाच टप्पा. पैसा कमी, संगणक नाही, पण घाई न करता आधी आकार पारखून घेतला. पंख 45 अंशांनी मागे. अंग कमरेत आवळलेलं, कारण आवाजाच्या वेगाजवळ पंख आणि अंग मिळून जो छेद होतो तो एकदम फुगून चालत नाही. पंख जिथे सुरू होतात तिथे अंग बारीक करावं लागतं.

17 जून 1961 रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते विमान उडवलं. एचएफ-24 मारुत. आशियात, सोव्हिएत संघ सोडला तर, देशात बनून यशस्वी ठरलेलं हे पहिलं जेट लढाऊ विमान मानतात. आठवड्याने, 24 जूनला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यासमोर ते पुन्हा उडालं. आणि आपल्यासाठी मधली तारीख: 23 जून 1961. त्या दिवशी साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली. बंगळुरूत विमान आणि साताऱ्यात ते चालवायची स्वप्नं बघणारी मुलं, एकाच आठवड्यात. योगायोगच, पण ऐकायला बरा वाटतो.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. आता इंजिन.

मारुतचं डिझाइन ब्रिस्टलच्या ऑर्फियस 12 या इंजिनाभोवती केलेलं होतं. त्याला आफ्टरबर्नर, म्हणजे मागच्या नळीत पुन्हा इंधन जाळून मिळणारा जादा जोर. एकूण सुमारे 3,700 किलो, अशी दोन इंजिनं. पण ते इंजिन अजून पूर्ण विकसित झालं नव्हतं. ब्रिटिशांना ते स्वतःसाठी नको होतं, म्हणून विकासाचा खर्च भारताने द्यावा असं त्यांचं म्हणणं. दिल्लीने नाही म्हटलं. इंजिनाचं काम थांबलं. मग ग्नॅट विमानामुळे हाताशी असलेलं साधं ऑर्फियस 703 बसवलं. आफ्टरबर्नर नाही, जोर सुमारे 2,200 किलो.

हिशोब करा. दोन मिळून 7,400 ऐवजी 4,400. म्हणजे साठ टक्के. ट्रॅक्टरचा सांगाडा आणि त्यात पॉवर टिलरचं इंजिन, साधारण तसं. आवाजाच्या दुप्पट वेगासाठी काढलेलं विमान सपाट उड्डाणात जेमतेम आवाजाच्या वेगाला टेकायचं.

यूट्यूबवर ही गोष्ट 'पाश्चात्त्यांनी आपलं विमान मारलं' अशी सांगतात. ऐकायला सोपी आहे. पण इंजिन कोणी लपवून ठेवलं नव्हतं. त्याची किंमत सांगितली गेली आणि आपण ती दिली नाही. गरीब देश होता, परकीय चलनाची मारामार होती, हे सगळं खरं. तरी विमानाचा सांगाडा स्वतः करू आणि इंजिन काय, बाजारात मिळेलच, हा समज कुठेतरी होता. जेट विमानांच्या पहिल्या वीस वर्षांचा इतिहास नेमका याच्या उलट सांगत होता.

नोव्हेंबर 1962. चीनकडून मार खाल्ला, मेनन गेले आणि यशवंतराव दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. पण सह्याद्रीच्या टेबलावर काय पडलं होतं ते शाळेत कोणी सांगत नाही. जुनी व्हॅम्पायर, तूफानी. शेजाऱ्याकडे सेबर आणि आवाजाच्या दुप्पट वेगाची एफ-104. आणि स्वतःचं मारुत, ज्याची पहिली दोन विमानं हवाईदलाला मिळायला मे 1964 उजाडला.

त्याच मे महिन्यात यशवंतराव अमेरिकेला गेले. एफ-104 मागितली, मिळाली नाही. ते तिथे असतानाच नेहरू गेले आणि दौरा अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. ऑगस्टच्या शेवटी ते मॉस्कोला गेले, आणि मिग-21 भारतात बनवण्याचा व्यवहार पक्का झाला. सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. 1963 साली नाशिकने यशवंतरावांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं होतं, त्याची परतफेड म्हणून ओझर आलं, असं नाशिककर आजही सांगतात.

मिग आलं आणि मारुतची निकड संपली. यशवंतरावांनी तिथे चूक केली का? मी बराच विचार केला. मला तसं म्हणता येत नाही. ऑर्फियस 12 चा नकार त्यांच्या आधीचा. सीमेवर युद्ध उभं असताना दहा वर्षांनी मिळणाऱ्या इंजिनासाठी कोण थांबेल? 1965 च्या त्या संध्याकाळी पठाणकोटहून कोणती विमानं पाठवावी लागली ते आपण सुरुवातीला पाहिलंच. पण परवान्यावर इंजिन बनवणं आणि इंजिन डिझाइन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरापुटला पहिली आली, दुसरी नाही. मिगच्या बरोबरीने एखादा छोटा इंजिन प्रकल्प नेटाने चालवता आला असता, अशी रुखरुख मला वाटते.

प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. इजिप्तमध्ये बनत असलेलं ई-300 इंजिन एका मारुतवर बसवून 1967 साली उडवलं गेलं, पण इजिप्तचा प्रकल्पच पुढे गुंडाळला गेला. मग ऑर्फियसलाच आफ्टरबर्नर जोडून बघितला. त्यासाठी विमानाचा मागचा भाग रुंद करावा लागला, त्याने ओढ वाढली आणि मिळालेला जोर तिथेच खर्ची पडला. 10 जानेवारी 1970 रोजी असंच एक विमान बंगळुरूत उड्डाणानंतर लगेच कोसळलं. आत ग्रुप कॅप्टन सुरंजन दास होते. मारुत पहिल्यांदा उडवणारे तेच. तुमच्यापैकी जे नोकरीसाठी बंगळुरूत आहेत, त्यांनी सुरंजनदास रोडवर ट्रॅफिकमध्ये नक्की शिव्या घातल्या असतील. तो रस्ता त्यांच्या नावाचा.

मारुत वाईट विमान होतं का? 1971 मध्ये राजस्थानच्या आघाडीवर ते खालून उडत हल्ले करत राहिलं, लोंगेवालाच्या भागातही. हवाई लढतीत एकही मारुत पडलं नाही. उलट एका मारुतने सेबर पाडलं, तेच सेबर ज्याने सहा वर्षांपूर्वी व्हॅम्पायरची दाणादाण उडवली होती! एक इंजिन गोळीने निकामी झालं तरी दुसऱ्यावर मारुत तळावर परतल्याची उदाहरणं आहेत. आकार बरोबरच होता. 147 विमानं बनली आणि 1990 पर्यंत शेवटचीही निवृत्त झाली.

तिकडे घाटगेंच्या चमूचं किरण हे जेट प्रशिक्षण विमान 1964 मध्ये उडालं. मागणी माफक, इंजिन बाजारात मिळणारं, विमान चार-पाच दशकं टिकलं. लहानपणी ज्यांनी लाल-पांढऱ्या सूर्यकिरण चमूच्या कसरती पाहिल्या, त्यांनी किरणच पाहिलं. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत कोणतं इंजिन होतं? ऑर्फियस.

आणि आज? तेजसमध्ये अमेरिकेचं जीई 404 आहे. आपलं कावेरी इंजिन 1980 च्या दशकात सुरू झालं, ते तेजसमध्ये बसू शकलं नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये ओझरच्या कारखान्यातून नाशकात बनलेलं पहिलं तेजस मार्क 1ए उडालं, यशवंतरावांच्या काळात मिगसाठी उभ्या राहिलेल्या त्याच कारखान्यातून.

मुंबईला गेलात तर वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मारुत ठेवलंय. सगळे समोरून, नाकापाशी उभं राहून सेल्फी काढतात. तुम्ही आधी बाजूने बघा, कमरेत आवळलेलं अंग दिसेल. मग मागे जा. शेपटीखाली दोन तोंडं आहेत, तिथे ऑर्फियस 703 होती. आणि घरात कोणी ओझरला किंवा बंगळुरूच्या कारखान्यात कामाला होतं का, विचारून बघा. असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. इंजिनावरचा पुढचा भाग त्यांच्याच तोंडून ऐकू.